धनलक्ष्मीचा शेवटचा दोर

"येशा, साहेब बघतोय तुझा. काम केल्यासारखा तरी दिस जरा," हिरूमामा बार्जेवरून म्हणाला.

मी सकाळपासून तोफगोळ्यांच्या पेट्या क्रेनच्या जाळीत रचत होतो. पाठीचा पार भुगा झाला होता. पण मामाच्या लेखी नौदलातली नोकरी म्हणजे इस्त्रीची पँट घालून सरकारी चहा पिण्याचा धंदा. समुद्र फक्त कोळ्यांना कळतो आणि कोळ्यांतही हर्णैच्या, हे त्याचं पक्कं मत. त्याची स्वतःची मालवाहू सपाट बार्ज, 'धनलक्ष्मी', आता पोटात तोफगोळे आणि पाणबुडीवर टाकायचे बॉम्ब घेऊन नौदलाचीच चाकरी करत होती. पण त्याला तो चाकरी म्हणत नसे. "सरकारला आमची गरज लागली," असं म्हणायचा.

एकाहत्तरच्या डिसेंबरातली ही गोष्ट. लढाई नुकतीच सुरू झाली होती. आमचा तळ पश्चिम किनाऱ्यावर, पार वर, एका खाडीच्या तोंडाशी होता. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि त्या संध्याकाळची प्रत्येकाची हकिगत वेगळी आहे. तळ म्हणजे एक दगडी धक्का, खाडीच्या आतल्या अंगाला तेलाच्या टाक्या, धक्क्यामागे गोदामं आणि त्यांना लागून हमालांची वस्ती. लढाऊ बोटी यायच्या, तेल, पाणी, दारूगोळा घ्यायच्या आणि निघून जायच्या. मोठ्या बोटी धक्क्याला लागत नसत, त्यांना माल बार्जेने पोचवावा लागे. नौदलाच्या बार्जी पुरेनात म्हणून कोकणातून भाड्याने आणल्या होत्या. त्यात मामाची.

माझे आईबाप मी लहान असतानाच गेले. मामा-मामीला मूल नव्हतं, त्यांनीच मला वाढवलं. सोळाव्या वर्षी मी घरात न विचारता नौदलात भरती झालो तेव्हा मामा वर्षभर माझ्याशी बोलला नाही. आणि आता लढाईच्या ऐन तोंडावर स्वतःच बार्ज घेऊन माझ्या धक्क्याला येऊन लागला होता आणि सगळ्यांदेखत माझी उतरवत होता. खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. परमुलखात आपल्या माणसाच्या तोंडच्या शिव्याही गोड लागतात.

"पावसे, तुझी बोट भरली काय?" आमचे साहेब, लेफ्टनंट दस्तूर, धक्क्यावरून मामाला ओरडून म्हणाले. साहेब मुंबईचे पारशी. मराठी हौसेने बोलत. त्यांच्या मराठीत ॲडमिरलपासून हमालापर्यंत सगळे 'तू' होते.

"कवाच भरली, साहेब. तुमची टग कुठं हाय?"

"येते. बाहेर गेली आहे. आली की तुला ओढून नेते."

धनलक्ष्मीला इंजिन नव्हतं. टगबोट आल्याशिवाय ती हलणार नव्हती. भरती पूर्ण भरलेली होती, बार्ज धक्क्याच्या कडेइतकी वर आली होती आणि मामाने तिला पुढून-मागून दोन जाड दोरांनी बांधून ठेवलं होतं. त्या खाडीचं पाणी हर्णैसारखं सभ्य नव्हे. माडाच्या निम्म्याइतकं उतरतं आणि उतरताना ओढही तशीच असते. म्हणून ओहोटी लागली की कोणीतरी दोराशी उभं राहायचं आणि पाणी उतरेल तसा दोर सैल सोडत जायचं. मामाचा खलाशी काशा तेवढ्यासाठीच पुढच्या दोराशी बसला होता.

टगबोट आली नाही. त्याऐवजी भोंगा वाजला.

भोंग्याचा नियम साधा होता. हातातलं टाकायचं आणि खंदकात उतरायचं. मी, मामा, काशा आणि दस्तूरसाहेब धक्क्यालगतच्या खंदकात एकमेकांना चिकटून बसलो. वस्तीतली बायकापोरं मागच्या खंदकात होती. त्यांच्यातलं एक मूल रडत होतं आणि त्याची आई त्याला गप्प करत होती, ते आम्हाला ऐकू येत होतं.

विमानं येईनात. सुटकेचा भोंगाही वाजेना. आम्ही आभाळाकडे बघत राहिलो. मामा मात्र धक्क्याकडे बघत होता.

"साहेब, मना जाऊन द्या. दोर सोडून येतो."

"बैठ."

"पानी उतराय लागला, साहेब. बार्ज दोरांवर लटकेल."

"पावसे, बाहेर गेली तर तू लटकशील. बैठ खाली."

मामा बसला. थोड्या वेळाने त्याने मला कोपराने ढोसलं. "तुझ्या साहेबाला सांग ना जरा. तुझा ऐकल."

"माझं कोण ऐकतंय, मामा? मी इस्त्रीच्या पँटवाला."

एरवी तो हसला असता. त्याने खंदकाच्या मातीत बोट रुतवलं आणि तसाच बसून राहिला. दोरांचा करकर आवाज यायला लागला होता. तो आवाज मला ठाऊक होता, लहानपणापासून ऐकलेला. आवाजागणिक मामाच्या मानेची शीर ताठ होत होती.

मग विमानं आली. दोन होती. पहिल्याने टाक्यांवर बॉम्ब टाकले आणि जमीन आमच्या खालून सरकली. दुसरं धक्क्यावरून इतक्या खालून गेलं की त्याचं पोट दिसलं. त्याच्या गोळ्यांनी धक्क्याच्या दगडाच्या कपच्या उडवल्या, पुढचा दोर जिथे बांधला होता अगदी तिथपर्यंत. मामा तिथे उभा असता तर त्याचं काय झालं असतं ते सांगायला नको. साहेब मामाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबून बसले होते, तो हात त्यांनी काढला.

विमानं गेली तसा काशा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, पानी पेटला."

आतल्या अंगाची एक टाकी फुटली होती. तेल खाडीत उतरलं होतं आणि पेटलं होतं. पाण्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत जाळाचा एक पट्टा होता आणि ओहोटी त्याला घेऊन आमच्याकडे येत होती. घाईने नव्हे. माणूस बाजारातून चालत घरी येतो, तसा तो येत होता. त्याच्या वाटेत पहिली होती धनलक्ष्मी.

आम्ही चौघंही धावलो. भोंग्याने सुटका दिली नव्हती, पण साहेबच पुढे होते, मग कोण थांबतंय.

बार्जेची अवस्था बघवत नव्हती. पाणी तिच्या खालून निघून गेलं होतं आणि ती दोन दोरांवर कलंडून लोंबत होती. आम्ही पोचायच्या आत मागचा दोर ताणाने तुटला आणि चाबकासारखा धक्क्यावर आपटला. बार्ज धाडकन पाण्यात बसली. आतल्या पेट्या सरकल्याचा आवाज झाला आणि आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. काही झालं नाही. आता ती एकट्या पुढच्या दोरावर ओढ घेत होती. ओहोटी तिला बाहेर खेचत होती आणि दोर तिला आगीसाठी धरून ठेवत होता.

मामा आणि काशा बार्जेवर उतरले. मी धक्क्यावरच्या गाठीशी भिडलो. गाठ कसली, दगड झाला होता. नखं तुटली, पण गाठ हलेना. खाली मामा आपल्या टोकाशी लोखंडी सळई घालून झटत होता. तिथेही तेच.

"पावसे, काप!" साहेब ओरडले. "टाइम नाही. कापून टाक, ओहोटी तिला घेऊन जाईल."

ते बरोबर सांगत होते. सुटी बार्ज पाण्याच्याच वेगाने गेली असती, आणि पाण्यावरच तरंगणारा जाळ तिच्या मागेच राहिला असता. पण ती तशीच बांधलेली राहिली असती तर धक्का, खंदक, वस्ती, कशाचाच मागमूस राहिला नसता. मागे ते मूल अजून रडत होतं.

"दोराला हत्यार नाय लावायचा, साहेब. सोडतो मी."

"अरे, काय सोडते? सुटत नाही ने!"

"सुटल."

साहेबांना कसं कळावं? मला कळत होतं आणि कळत असून माझा जीव जात होता. आमच्यात होडीचा दोर कापत नाहीत. गाठ कितीही बसली तरी सोडायची, रात्र लागली तरी चालेल. कोळ्याचं पोर चालायला लागलं की हे शिकतं. आणि अगदीच प्रसंग आला, कापावाच लागला, तर कापलेली होडी एकटी जाऊ द्यायची नाही. तिच्याबरोबर घरचं माणूस जातं. मामा दोर कापायला तयार होत नव्हता, तो मला तेव्हा जुन्या माणसाचा हट्ट वाटला, दुसरं काही नाही. मी दात-ओठ खात गाठ ओढत होतो आणि त्याला मनातल्या मनात शिव्या देत होतो.

आणि इथे रीत बाजूला ठेवली तरी कोणीतरी जायलाच हवं होतं. खाडीच्या वळणावर आमची एक गस्तीबोट नांगरून पडली होती. तिचं इंजिन दुरुस्तीसाठी उघडलेलं होतं, तिला हलता येत नव्हतं. तिच्यावर पन्नास-साठ माणसं होती. नुसता जाळ त्या लोखंडी बोटीने सोसला असता, पण बार्ज तशीच सोडली असती तर ओढीने नेमकी तिच्यावर जाऊन अडकली असती आणि पाठोपाठ जाळ. मोठ्या वल्ह्याने तिला वळणावर पलीकडे रेटणारं माणूस पाहिजे होतं.

जाळ आता इतका जवळ आला होता की चेहरा भाजत होता. काशाने बार्जेवरची कुऱ्हाड उचलली.

"तू नाय!" मामा त्याच्यावर धावला आणि त्याच्या हातून कुऱ्हाड हिसकावली. "वर जा. आधी वर जा तू."

काशा धक्क्यावर चढला. मी त्याला हात दिला आणि त्याच हिसक्यात खाली उडी टाकायला एक पाय बार्जेवर ठेवला. माझं ठरलं होतं. मामाचं वय झालं होतं. मी चांगला पोहणारा, अंगात ताकद, आणि गणवेश माझ्या अंगावर होता, त्याच्या नव्हे.

"मामा, तू वर जा. मी नेतो हिला."

"तू नेतोस?"

"वल्हं तूच शिकवलंस. वळणापुढे नेतो आणि उडी मारतो. चल, वर हो."

मामाने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या जाळात, एवढ्या घाईत तो क्षणभर नुसता बघत राहिला. मग त्याने माझ्या छातीवर तळहात ठेवला आणि असा रेटा दिला की मी धक्क्याच्या दगडांवर उताणा पडलो. मी उठतोय तोवर कुऱ्हाड माझ्या पुढ्यात येऊन पडली.

"काप."

"तू वर ये आधी."

"काप म्हणतो ना!"

"काशाला सांग. साहेब कापतील. मी नाही कापणार, मामा. तू वर ये."

"दुसऱ्या कुणी हात लावायचा नाय," मामा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "येशा, उगाच वेळ काढू नको. माझ्या हातचं खाल्लंस ना? मग काप."

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांचे डोळे धुराने भरले होते, की आणखी कशाने, मला सांगता येणार नाही. ते मला म्हणाले, "चोगले, काप." हुकूम होता, पण त्यांनी तो एखादी विनंती करावी तसा दिला.

मी कुऱ्हाड उचलली आणि घाव घातले. किती, ते आठवत नाही. दोराचे पेड एकेक करून उलगडत गेले आणि शेवटचा पेड कुऱ्हाड लागायच्या आत आपणच तुटला. बार्ज एकदम मागे गेली. धक्का आणि ती यांच्यामध्ये पाणी दिसायला लागलं, आधी हातभर, मग उडी मारता येणार नाही एवढं.

मामा तोवर वल्ह्याशी पोचला होता. त्याने वळून पाहिलं नाही. त्याला पाहण्यापुरतीही फुरसत नव्हती, हे मी मनाला पुष्कळदा सांगितलं आहे. दोन्ही हातांनी वल्हं छातीशी घेऊन तो मागे मागे रेटत होता आणि ती अवजड बार्ज हळूहळू नाक वळवत होती. जाळ धक्क्याला घासून पुढे गेला. आम्ही खंदकाच्या कडेआड पडून बघत होतो. जाळ तिच्या मागे होता आणि तेवढाच मागे राहत होता.

गस्तीबोटीवरची सगळी माणसं कठड्याला लागली होती. बार्ज त्यांच्या अगदी बाजूने गेली. नंतर त्यांच्यातल्या एकाने मला सांगितलं की मामाने त्यांना ओरडून विचारलं होतं, "बघताय काय? बांबू घ्या आणि ढकला मला!" आणि त्यांनी खरंच बांबूंनी ढकललं. नौदलाला कामाला लावूनच गेला.

ती वळणापलीकडे दिसेनाशी झाली तेव्हा काशा रडत-हसत म्हणाला, "गेला. मामा पोचला बाहेर. आता उडी मारल आणि पोहत येल."

मलाही तसंच वाटलं. ऊन होतं अजून. मी मनात हिशेबही केला की तो कुठल्या खडकाला लागेल आणि कुठली वाट धरून परत येईल. पण खाडीच्या तोंडाशी, जिथे ओहोटीला समुद्राच्या लाटा भिडतात, तिथे पाण्याची ओढ मंदावते. धनलक्ष्मी तिथे रेंगाळली असणार. मागून जाळ येतच होता.

आवाज झाला तेव्हा धक्क्यावरच्या गोदामांच्या सगळ्या काचा फुटल्या. एवढ्या लांबून. मग पुष्कळ वेळ काहीच ऐकू आलं नाही. मागच्या खंदकातलं मूलसुद्धा गप्प झालं होतं.

टगबोटीने दुसऱ्या दिवशी दिवसभर शोधलं. फळ्या मिळाल्या. मामा मिळाला नाही.

लढाई लवकरच संपली. आम्ही जिंकलो. तळावर मिठाई वाटली, ती मी घेतली आणि खाल्ली. दस्तूरसाहेबांनी माझी रजा स्वतः फिरून मंजूर करून आणली. निघताना म्हणाले, "तुझी मामी विचारली तर सांग, हुकूम मी दिला. तिला मला शिव्या द्यायची असली तर देऊ दे."

हर्णैला पोचलो तेव्हा मामी वाळवणावर होती. काठ्यांवर बोंबील टांगत होती. काशा माझ्या आधी महिनाभर गावात आला होता, तेव्हा सांगायचं ते त्याचं सांगून झालं होतं. मामीचं कपाळ मोकळं होतं. मला बघून तिने हातातले बोंबील टांगून पुरे केले, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "काशाचा ऐकला मी. आता तू सांग."

मी सांगितलं. सगळं. मग तीन महिने कोणालाच विचारलं नव्हतं ते मी विचारलं.

"मामी, काशाच्या हातात कुऱ्हाड होती. साहेब होते. त्याने मलाच का कापायला लावलं? माझ्याच हातून का? मी नौदलात गेलो त्याचा राग होता का त्याच्या मनात अजून?"

मामी माझ्याकडे बघत राहिली. मी वेडा आहे की सोंग करतोय, ते तिला ठरवता येत नव्हतं.

"तुला म्हाईत नाय?"

"काय?"

"घरचा माणूस होडीबरोबर जातो, एवढाच शिकलास. पुढचा शिकायच्या आत पळालास नेवीत." ती खाली वाळूत बसली. "नवरी एकटी धाडत नाय, तिच्यासंगं पाठराखीण जाते. तसा हा. पण कापणारा जात नाय, येशा. ज्यानं दोर कापला, त्यानं त्या होडीवर पाय ठेवायचा नाय. कधीच नाय. तशी रीतच हाय."

तिने मान वर केली.

"तुझा पाय होता ना बार्जेवर?"

"होता."

"हात धरून उतरवला असता तर उतरला असतास?"

"नाही."

"मग? तुला कसा उतरवायचा त्यांनी?"

वाऱ्याने काठ्यांवरचे बोंबील हलत होते. मी वाळूत बसलो आणि लहान पोरासारखा रडलो, सगळ्या वाळवणावरच्या बायका बघत असताना. मामीने मला रडू दिलं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. तिचे हात मांडीवर होते आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

"ते काय भाड्यासाठी गेले नव्हते तिकडं," ती म्हणाली. "मी धाडला. लढाई होणार म्हणून रेडिओवर सांगत होते, मना रात्र रात्र झोप नाय. म्हटला, बार्जी मागतायत ना सरकारात, मग घेऊन जा तुमची. पोरावर नजर ठेवा. तर म्हणाले, तो काय लहान हाय? मी म्हटला, ते मना सांगू नका. पोराला धड घरी धाडा आणि मागोमाग तुम्ही या."

ती उठली. टोपलीतून बोंबलांचा एक जोड उचलला, शेपटीत शेपटी अडकवली आणि काठीवर टाकला.

"जन्मभर माझा अर्धाच ऐकला त्यांनी," मामी म्हणाली.